लाट नक्की कोणाची? सर्फर आणि कयाकवाल्यांचे प्रश्न

या वेळची पत्रं वाचून एक गोष्ट कळली, बोर्डवर लाटा खेळणारे सर्फर लोक कयाकवाल्यांवर, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी चालवणाऱ्यांवर चिडलेत, कयाकवाले सर्फरना टरकून आहेत आणि दोघांनाही ठाम वाटतंय की नियम आपल्याच बाजूने आहे. म्हणून बाकीचे विषय बाजूला ठेवले, आज फक्त हाच. लांबलचक पत्रं थोडी कापलीयत, शिव्याही काढल्यात, राग मानू नका.

प्रश्न : आम्ही बोर्डवर बसून लाटेची वाट बघत असतो आणि कयाकवाला आमच्याही मागे बसलेला असतो. लाट अजून नुसता फुगवटा असते तेव्हाच तो चार वल्ही मारून तिच्यावर चढतो आणि सुसाट निघतो. प्रत्येक लाट त्याचीच. विचारलं तर म्हणतो, 'मी आधी पकडली.' असा नियम आहे का?

उत्तर : नाही. जगात जवळपास सगळीकडे पाळला जाणारा नियम असा आहे की लाट जिथे पहिल्यांदा फुटायला लागते, ज्याला सगळे पीक म्हणतात, त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल लाट त्याची. बोर्ड असो, कयाक असो, बसून वल्हवायचा बोर्ड म्हणजे वेव्हस्की असो, उभं राहून वल्हवायचा सप असो, नियम तोच. यामागे कारण अगदी साधं आहे. लाट एका बाजूने फुटत फुटत पुढे सरकते, फुटणाऱ्या कडेला जो चिकटून चाललाय त्याच्या मागे फेस असतो आणि समोर न फुटलेली मोकळी बाजू, त्याला जायला तेवढीच एक वाट आहे. त्या वाटेत तुम्ही उतरलात की त्याच्याकडे दोनच पर्याय उरतात, तुम्हाला धडकायचं नाहीतर लाट सोडायची. यालाच ड्रॉप इन म्हणतात आणि पाण्यातली निम्मी भांडणं यावरूनच होतात.

'आधी पकडली' हे म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं पण जरा विचार करा, कयाक लांब असते, पाण्याला टेकलेली लांबी जास्त तितका वेग जास्त, वर हातात वल्हं, त्यामुळे लाट उभी राहायच्या खूप आधीच ती कयाकच्या तावडीत येते. छोट्या बोर्डवर पोटावर पडून हाताने पाणी मारणाऱ्याला लाट चांगली उभी व्हावीच लागते, त्याशिवाय ती त्याला उचलतच नाही. मग 'आधी आला त्याची' असा नियम केला तर कयाक असताना सर्फरला दिवसभरात एकही लाट मिळणार नाही, कारण आधी येण्यात तो कधी जिंकूच शकत नाही.

एक पळवाट मात्र आहे आणि ती हुशार कयाकवाल्यांना बरोबर माहीत असते. तो पीकच्या अगदी रेषेत पण सगळ्यांच्या मागे, खोल पाण्यात बसतो. कागदावर बघितलं तर पीकच्या जवळ तोच, म्हणजे लाट त्याची. नियमात बसतं, पण माझ्या मते हे वागणं वाईटच. कयाक परत वल्हवत मागे जायलाही जलद असते, त्यामुळे एक लाट संपवून तो सर्फरच्या आधी परत पीकवर हजर आणि पुढची पण त्याचीच. म्हणून चांगले कयाकवाले एक घेतात, लांबून वळसा घालून परत येतात, मग जे वाट बघतायत त्यांच्या लाटा होईपर्यंत हात आवरून बसतात. हे कुठे लिहिलेलं नाही, कोणी दंडही करणार नाही, पण ताकद तुमच्याकडे जास्त आहे तर थांबायचं पण तुम्हीच.

आणि सर्फर मंडळींना एक सांगतो, कयाक लाटेवर आलेली दिसतेय आणि तुम्हाला वाटतंय की आज याला धडा शिकवतो, मुद्दाम समोर उतरतो, तर नका उतरू. त्याची चूक असली तरी. तुमच्यासारखं लाटेच्या पाठीवरून पटकन मागे निघून जाणं बऱ्याच कयाकवाल्यांना जमत नाही. भांडण किनाऱ्यावर करता येतं.

प्रश्न : माझी सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत न बसता वर बसायची कयाक आहे. परवा लाटेवरून सरळ किनाऱ्याकडे येत होतो, मध्येच कयाक आडवी झाली आणि तशीच घसरत काही सर्फरच्या दिशेने गेली. सुदैवाने कोणाला लागलं नाही पण जे काही ऐकून घेतलं ते घेतलं. माझं चुकलं काय? कयाक तर आपोआप वळली.

उत्तर : आपोआप वळते हे माहीत नसणं, इथेच चुकलं. लाटेच्या उतारावरून खाली येताना कयाकचं पुढचं टोक खालच्या संथ पाण्यात अडकतं आणि मागचं टोक लाट ढकलत असते, मागचं पुढच्याला ओलांडायला बघतं आणि क्षणात कयाक लाटेला समांतर. लांब कयाक तर हमखास वळते. एकदा आडवी झाली आणि लाट फुटली की फेस तिला धरून सरळ किनाऱ्याकडे रेटत नेतो, वाटेत जे असेल ते झाडत.

आता यात जोर किती असतो ते बघा. लाट साधारण तिच्या उंचीच्या १.३ पट खोली उरली की फुटते, म्हणजे १ मीटरची लाट सव्वा ते दीड मीटर पाण्यात फुटेल, आणि तेवढ्या खोलीत ती ताशी १२-१३ किलोमीटरच्या वेगाने चाललेली असते. प्लॅस्टिकची एकट्याची कयाक २० ते ३० किलोची, वर तुम्ही. तुमची सिट-ऑन-टॉप आहे म्हणजे भोकांतून पाणी निघून जातं, पण आत बसायच्या कयाकमध्ये पाणी भरलं तर लिटरमागे एक किलो धरा, १०० लिटर गेलं की १०० किलो वाढले. समोरच्या सर्फरचा छोटा बोर्ड जेमतेम ३ किलोचा असतो. आणि आडव्या कयाकची रुंदी म्हणजे तिची लांबी, तीन-चार मीटर, तेवढ्या पट्ट्यातून बाजूला व्हायला त्या माणसाला वेळ कुठे मिळतो.

त्यामुळे सगळ्यात पहिली गोष्ट जागेची. तुमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये, सरळ रेषेत आणि दोन्ही बाजूंना थोडं तिरकं पकडून, कोणी माणूस असेल तर ती लाट घ्यायचीच नाही, कितीही सुंदर असू दे. लाट उचलायला लागली आणि मग माणूस दिसला तर लगेच उलटी वल्ही मारा, वजन मागे टाका, ती खालून निघून जाते. पण हे पहिल्या एक-दोन सेकंदांतच जमतं, उतारावर तोंड वळल्यावर नाही.

आडवी झालीच तर लाटेच्या बाजूला झुका, किनाऱ्याच्या बाजूला नाही, किनाऱ्याकडे झुकलात की उलटे झालातच. वल्ह्याचं पातं लाटेच्या बाजूच्या फेसावर सपाट टेकवायचं, कोपर खाली आणि अंगाजवळ. हात डोक्याच्या वर ताणून वल्हं लावणाऱ्यांचे खांदे निखळतात आणि हे खूप वेळा होतं, कारण लाट हात मागे खेचते आणि अंग तिथेच राहतं. असं टेकून बसलं की आडव्या कयाकलाही पुढे किंवा मागे थोडं वल्हवता येतं, आणि फेस जिथे कमी आहे त्या टोकाकडून निसटता येतं. हे सगळं लोक नसलेल्या ठिकाणी, कमरेएवढ्या पाण्यात, छोट्या फेसात शिकायचं, तेही मुद्दाम आडवं होऊन. सरळ जाणं शिकायला सगळे तयार असतात, आडवं होणं शिकायला कोणी येत नाही.

शेवटचा उपाय, समोर माणूस आहे आणि काहीच जमत नाहीये तर कयाक मुद्दाम उलटी करायची. आत बसायच्या कयाकमध्ये तुमचं अंग पाण्याखाली जातं, ते ब्रेकसारखं काम करतं आणि लाट पुढे निघून जाते. पण तुमच्या सिट-ऑन-टॉपवर हे तसंच चालणार नाही, मांडीचे पट्टे नसतील तर तुम्ही पडणार, कयाक हलकी होणार आणि रिकामी कयाक आणखीनच सुसाट सुटणार. म्हणजे पडतानाही हँडल हातातून सुटता कामा नये. आणि पाणी फार उथळ असेल तर उलटं होण्यात मानेला धोका आहे, तिथे हा उपाय विसरा.

प्रश्न : पाण्यात कोणी 'लेफ्ट' ओरडलं तर कोणाचं लेफ्ट? किनाऱ्यावरून बघणाऱ्याचं की त्याचं?

उत्तर : लाटेवर असलेल्याचं, तो किनाऱ्याकडे तोंड करून चाललाय असं धरून. किनाऱ्यावरून बघाल तर उलटं दिसेल. लाट मधून फुटून दोन्हीकडे उघडत असेल तर एक जण लेफ्ट, एक जण राइट, दोघांनाही मिळते, फक्त आधी ओरडायचं. कयाकवाल्यांनी तर जास्तच ओरडावं, कारण सर्फरचं अंग कुठे वळलंय यावरून तो कुठे जाणार ते कळतं, कयाकमध्ये बसलेल्याचं तेवढं कळत नाही.

प्रश्न : मी सर्फिंग नुकतंच शिकतेय. बाहेर, समुद्राकडे जात असताना समोरून लाटेवर कयाक येताना दिसली तर मी नेमकं काय करायचं? मी घाबरून बोर्ड सोडून खाली डुबकी मारते.

उत्तर : डुबकी ठीक, बोर्ड सोडणं नको. तुमचा बोर्ड लीशच्या, म्हणजे पायाला बांधलेल्या दोरीच्या टोकाला मोकळा फिरतो, लीश साधारण बोर्डएवढीच लांब असते, म्हणजे बोर्डची लांबी आणि लीशची लांबी मिळून तेवढ्या टप्प्यात मागे जो कोणी असेल त्याच्या तोंडावर तो जाऊ शकतो. तुमच्या मागेही कोणीतरी बाहेर येतंय हे नवीन लोक विसरतात. आणि बोर्ड उसळून तुमच्याकडे पण येतो. गार पाण्यात घालायच्या वेटसूटसाठी नाव असलेले जॅक ओनील, त्यांचा एक डोळा १९७१ मध्ये असाच गेला, तेव्हाच्या लीश रबरासारख्या ताणायच्या, बोर्ड परत आला तो सरळ डोळ्यावर. आताच्या लीश बऱ्याच सुधारल्यात तरी पाण्यातून वर येताना एक हात डोक्यावर-तोंडासमोर धरून यायची सवय लावून घ्या.

आता जायचं कुठून. लाटा जिथे फुटतायत त्याच्या मधून बाहेर जायचंच नाही, बाजूला जिथे पाणी खोल आहे आणि लाटा कमी फुटतात तिथून वळसा घालायचा. वेळ लागतो, पण हात कमी दमतात आणि कोणाच्या वाटेत येत नाही. तरीही मध्ये अडकलात आणि समोरून कोणी आलं, तर जो लाटेवर आहे तो मोकळ्या बाजूला जाणार हे लक्षात ठेवा, म्हणजे तुम्ही उलट्या बाजूला, फेसाकडे. मन म्हणतं मोकळ्या पाण्याकडे पळ, फेस टाळ, आणि तिथेच लोक धडकतात. फेस खावा लागेल, चालेल. बोर्ड घट्ट धरून त्याचं पुढचं टोक खाली दाबून जा किंवा उलटं होऊन बोर्डखाली लटका.

हे कयाक लाटेवर नीट तिरकी चाललीय तेव्हाचं झालं. कयाक आडवी होऊन फेसात घसरत येत असेल तर फेसाकडे जायचं नाही कारण ती फेसातच आहे. तेव्हा ती कोणत्या बाजूला सरकतेय ते एक क्षण बघायचं आणि तिच्या टोकाच्या पलीकडे, जे टोक जवळ आहे तिकडे, जोरात निघायचं. अगदीच वेळ नसेल आणि पाणी पुरेसं खोल असेल तर बोर्डवरून उतरून खोल डुबकी, ही एकच वेळ आहे जेव्हा बोर्डपेक्षा डोकं महत्त्वाचं. एका जागी थांबून ओरडत राहणं सगळ्यात वाईट, आणि डावी-उजवीकडे दोनदा बदलणं त्याहून वाईट, चालवणाऱ्याला कळतच नाही तुम्ही कुठे जाणार. जबाबदारी चालवणाऱ्याची आहे हे खरंय, पण तुम्ही एक बाजू ठरवून ती धरून ठेवलीत तर त्याचं काम सोपं होतं.

प्रश्न : कयाक उलटली आणि मी बाहेर पडलो तर कयाक धरून ठेवायची की सोडून द्यायची? ती हरवू नये म्हणून मी पायाला लीश बांधायचा विचार करतोय, सर्फर बांधतात तशी.

उत्तर : फुटणाऱ्या लाटांमध्ये स्वतःला कयाकला बांधू नका. बोर्ड तीन किलोचा असतो म्हणून लीश चालते, २५ किलोची कयाक फेसात तुम्हाला फरपटत नेईल, दोर गुंडाळला तर सुटायलाही येणार नाही. लांब, अरुंद सर्फस्की वल्हवणारे लीश लावतात, वेव्हस्कीवाले पट्ट्याने बांधून बसतात, पण ती वेगळी साधनं आहेत, पट्टा एका झटक्यात सुटेल असा असतो आणि ते लोक सुटण्याची प्रॅक्टिस केलेले असतात.

धरून ठेवायची, पण समुद्राच्या बाजूला राहून. कयाक आणि किनारा यांच्या मध्ये कधीच उभं राहायचं नाही, ही एक गोष्ट पाठ करा. कमरेएवढ्या पाण्यात, आता पोचलोच म्हणून लोक कयाकच्या पुढे उभे राहतात, मागून एक फेस येतो आणि कयाक गुडघ्यांवर नाहीतर पोटावर. समुद्राकडचं टोकाचं हँडल धरा, कयाक किनाऱ्याकडे टोक करून उभी राहू दे, फेस तिच्या दोन्ही बाजूंनी जाईल. बोटं हँडलच्या फासात अडकवू नका, कयाक गोल फिरली तर बोटं पिळली जातात. मोठी लाट येतेय आणि धरवत नाहीये तर आधी किनाऱ्याकडे बघा, कोणी असेल तर जिवाच्या आकांताने ओरडा आणि मग सोडा. कयाक किनाऱ्यालाच जाणार आहे, कुठे पळत नाही.

प्रश्न : तुमचे मागचे लेख वाचले तर असं वाटतं की कयाकवाल्यांनी लाटांवर जायचंच नाही. सगळ्या सूचना आम्हालाच का? पाणी सगळ्यांचं आहे ना?

उत्तर : आहे की. पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी सर्फरकडे नाही आणि तुमच्यातले बहुतेक जण ती वापरतच नाहीत. तुम्हाला मऊ लाटा चालतात. जी लाट हळूहळू, वरून फेस सांडत, लांबपर्यंत फुटत येते, जिच्याकडे बघून छोट्या बोर्डवाला तोंड वाकडं करतो, ती कयाकसाठी सगळ्यात छान, उतार सौम्य, वेळ भरपूर, पुढचं टोक रुतण्याचा धोका कमी. सर्फरला हवी ती उभी, पटकन दुमडणारी लाट, आणि तीच कयाकला सगळ्यात त्रासदायक, पुढचं टोक खाली घुसतं आणि कयाक टोकावर उभी राहून पलटी खाते. म्हणजे निसर्गाने वाटणी करूनच दिलीय आणि तरी दोघं एकाच पीकवर बसून भांडतात! किनाऱ्यावर दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून बघितलं तर दिसतं, सर्फरचा घोळका एका जागी असतो आणि त्याच्या शंभर-दोनशे मीटर पलीकडे वाळूच्या दांड्यावर छान मऊ लाटा रिकाम्या जात असतात. वल्हं आहे, लांब जाऊ शकता, जा ना तिकडे. बोर्डवाल्याला तेवढं अंतर हाताने कापणं जिवावर येतं, तुम्हाला दोन मिनिटांचं काम. बाहेर एकदा फुटून आत परत उभ्या राहणाऱ्या छोट्या लाटा पण असतात, त्यावर शिकायला मजा येते, फक्त तिथे पोहणारे आणि लहान मुलं नसतील तरच.

घोळक्यात जायचंच असेल, आणि जायला काही हरकत नाही, तर आधी स्वतःला विचारा, मी लाटेवर असताना मला हवं तेव्हा, हव्या त्या बाजूला वळून लाट सोडता येते का? प्रत्येक वेळी येत असेल तर या, नियम पाळा, कोणी बोललं तर मान वर करून बोला. कधी जमतं कधी नाही असं असेल तर अजून घोळक्यात यायची वेळ झालेली नाही. छोट्या सर्फ कयाकमध्ये किंवा वेव्हस्कीवर बसणारे चांगले लोक बघा, ते सर्फरइतकेच तीव्र वळतात, त्यांच्याशी कोणाचं भांडण होत नाही. पाच मीटरच्या समुद्री कयाकमधून मात्र घोळक्यात लाटा खेळायला येऊच नका, ती लांब अंतर कापायला बनवलीय, वळणारच नाही, उगाच हट्ट कशाला.

सूचना तुम्हालाच जास्त का, तर वजन तुमचं जास्त म्हणून. दुसरं कारण नाही. नवशिक्या लाँगबोर्डवाल्याला पण मी हेच सांगेन, त्याचा बोर्ड पण कोणाचं डोकं फोडू शकतो.

प्रश्न : किनाऱ्यावर वेगवेगळे झेंडे असतात, कयाक आणि बोर्ड कुठे न्यायचे ते त्यावरून कळतं का?

उत्तर : बऱ्याच ठिकाणी कळतं. ब्रिटनमध्ये आरएनएलआय या समुद्री बचाव संस्थेचे जीवरक्षक लाल-पिवळे झेंडे लावतात तो पट्टा पोहणाऱ्यांचा, आणि काळा-पांढरा चौकटीचा झेंडा असेल तो पट्टा बोर्ड, सप, कयाक अशा इंजिन नसलेल्या साधनांचा, तिथे पोहायचं नाही. नारिंगी रंगाची वाऱ्याची पिशवी लटकवली असेल तर वारा समुद्राकडे वाहतोय, फुगवायच्या वस्तू नेऊ नका. कॅलिफोर्नियात पिवळ्या झेंड्यावर काळा गोळा दिसला की त्या वेळी बोर्ड बंद. प्रत्येक देशात थोडा फरक असतो त्यामुळे पाण्यात उतरायच्या आधी तिथल्या जीवरक्षकाला विचारणं सगळ्यात सोपं. लाल-पिवळ्या पट्ट्यातून कयाक बाहेर काढणं आणि त्यातूनच आत आणणं, दोन्ही बंद, लाट तिकडे ओढत असेल तरी.

प्रश्न : नदीतल्या एका जागी उभ्या राहणाऱ्या लाटेवर हेच नियम लागतात का?

उत्तर : नाही, तिथे पीकचा प्रश्नच येत नाही कारण लाट जागची हलत नाही. तिथे रांग. बाजूला जिथे पाणी उलटं फिरून संथ असतं तिथे सगळे थांबतात, एक जण जातो, पडला किंवा मनाने सुटला की पुढचा. माँट्रियलमध्ये सेंट लॉरेन्स नदीवर हॅबिटॅट ६७ नावाची प्रसिद्ध लाट आहे, तिथे कयाकवाले आणि बोर्डवाले दोघं येतात आणि असेच पाळीपाळीने खेळतात. पाळी आपली असली तरी तासभर लाटेवर बसून राहायचं नाही, मागे लोक गार पाण्यात कुडकुडत असतात. आणि वरून प्रवाहाबरोबर कोणी येत असेल तर लाटेवर खेळणाऱ्याने बाजूला व्हायचं, कारण वरून येणाऱ्याला थांबता येत नाही. म्हणून लाटेवर जायच्या आधी वर बघायचं, खाली बघायचं, मग जायचं.

नदीत घोट्याला बांधायची लीश मात्र अजिबात नको, दगडात अडकली तर प्रवाहाच्या जोरात पायापर्यंत हात पोचत नाही. कमरेला, झटक्यात सुटणारी असेल तर गोष्ट वेगळी.

एक मजेशीर अपवाद सांगतो. इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीत मोठ्या भरतीला समुद्राचं पाणी एका लाटेच्या रूपात नदीत उलटं वर चढतं, १९५५ मध्ये जॅक चर्चिल नावाच्या सैन्यातल्या अधिकाऱ्याने ती पहिल्यांदा बोर्डवर पकडली. भरतीला लाट एकच, निसटली की पुढच्या भरतीपर्यंत बसा. तिथे पीक-बीक कोणी विचारत नाही, सर्फर, कयाकवाले सगळे एकाच लाटेवर शेजारी शेजारी. पण म्हणूनच तिथे सरळ जायचं, शेजाऱ्याच्या अंगावर तिरकं जायचं नाही, आणि कयाक आडवी होतेय असं वाटलं तर लगेच लाट सोडायची. समुद्रावरची पीकची सवय तिथे आणि तिथली शेजारी शेजारी चालायची सवय समुद्रावर, दोन्ही घोटाळ्याच्या.

प्रश्न : धडक झालीच तर? मला मागच्या वेळी कयाकचं टोक पाठीत लागलं, समोरचा सॉरी म्हणून निघून गेला, मी पण रागात पुढची लाट घेतली.

उत्तर : रागात पुढची लाट घेणं टाळायचं. पाठीला-मानेला मार बसला की त्या क्षणी कळतच नाही, पाणी गार असेल आणि अंगात जोश असेल तर आणखीनच. दोघांनी एकमेकांकडे बघून विचारायचं, मान हलतेय का, हातापायाला मुंग्या येतायत का, काय झालं ते आठवतंय का. एका जरी प्रश्नाला उत्तर गडबडलं तर पाण्याबाहेर, आणि मानेची शंका असेल तर त्या माणसाला उठवून चालवायचं नाही, तोंड पाण्याबाहेर राहील असं डोकं-मान एका रेषेत स्थिर धरायचं आणि जीवरक्षकाला हाका मारायच्या. बोर्डखालच्या पात्याने, म्हणजे फिनने कापलं असेल तर कपड्याने घट्ट दाबून धरा, दर मिनिटाला उघडून बघू नका. डोक्याला मार लागून नंतर उलटी झाली, किंवा नाकातोंडात पाणी जाऊन खोकला थांबतच नाहीये, तर घरी न जाता डॉक्टर.

सॉरी म्हणून निघून जाणारा चुकलाच. ज्याने धडक दिली त्याने दुसरा किनाऱ्यावर नीट पोचेपर्यंत थांबायचं, चूक कोणाची हे नंतर. कयाकवाल्याला तर थांबणं सोपं आहे, जखमी माणसाला टोकाचं हँडल धरायला देऊन तो त्याला फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर, शांत पाण्यात नेऊ शकतो, हे बोर्डवाल्याला तितकं जमत नाही.

प्रश्न : हेल्मेट घातलं की सर्फर हसतात. घालू का?

उत्तर : घाला. हसू दे.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये अर्धे सर्फर, अर्धे कयाकवाले. एकत्र जायचं तर आधी काय ठरवून जावं?

उत्तर : जागा आणि खुणा. जागा म्हणजे कयाक कुठल्या पट्ट्यात, बोर्ड कुठल्या पट्ट्यात, मध्ये मोकळी पट्टी कुठली आणि बाहेर जायचा रस्ता कुठला, हे किनाऱ्यावर उभं राहून बोटाने दाखवून ठरवा, पाण्यात गेल्यावर सगळ्यांना वेगळं दिसतं. पाणी किनाऱ्याला समांतर ओढत असेल तर सगळा घोळका हळूहळू सरकतो आणि पट्टे एकमेकांत घुसतात, म्हणून किनाऱ्यावरची एखादी ठळक खूण धरून मधून मधून परत जागेवर यायचं.

खुणा म्हणजे वल्ह्याच्या. डोक्यावर दोन्ही हातांनी आडवं धरलं की थांबा, उभं धरलं की या, रस्ता मोकळा आहे. नद्यांवर हीच पद्धत चालते आणि लांबूनही दिसते. एक अनुभवी कयाकवाला सगळ्यात बाहेर बसवा, त्याने लाटा घ्यायच्या नाहीत, तो उंच बसलेला असतो त्यामुळे मोठ्या लाटांचा सेट त्याला आधी दिसतो, त्याने 'बाहेर!' असं ओरडलं की आतल्या सर्फरना सरकायला वेळ मिळतो. सर्फरना हा माणूस इतका आवडतो की कयाकवाल्यांवरचा राग तिथेच अर्धा होतो. अर्ध्या तासाने त्याची जागा दुसऱ्याने घ्यायची, नाहीतर तो वैतागेल. आणि पाण्यात किती जण उतरले, बाहेर किती आले हे मोजायचं काम एकाला आधीच देऊन ठेवा, शक्यतो जो पाण्यात उतरणार नाही त्याला.